चिप आत घालाल, बाहेर कोण काढणार?

‘हातात चिप टाकली की झालं. ना पास, ना किल्ली, ना पासवर्ड!’ इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला हे कुणीतरी बोलतंच. भाईंदर पश्चिमेहून सकाळची चर्चगेट लोकल पकडताना एका हाताने दांडा आणि दुसऱ्याने खिसा धरणाऱ्यांना तर ही आयडिया लगेच पटते. माझं म्हणणं सरळ आहे. स्वतः डिझाइन जरूर करा, याहून भारी प्रोजेक्ट मिळणार नाही. पण स्वतःच्या अंगात घालू नका. त्यात बॅटरी असेल तर मुळीच नको.

बाजारात मिळणारी साधी चिप म्हणजे २ मिलिमीटर जाड, १२ मिलिमीटर लांब काचेची नळी. आत बॅटरी नाही. रीडर जवळ आला की त्याच्याच चुंबकीय क्षेत्रातून वीज घ्यायची आणि आपला नंबर सांगायचा, एवढंच काम. जीपीएस वगैरे काही नाही. पण टिकते! ‘आजोबा’ बिबट्या आठवतोय? २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून त्याला काढलं, विद्या अत्रेय यांच्या टीमने जीपीएस पट्टा आणि चिप लावली, माळशेज घाटात सोडलं. पठ्ठ्या महिनाभरात वसईची खाडी ओलांडून आपल्या बोरिवलीच्या जंगलात हजर. २०११ मध्ये तो वाहनाच्या धडकेत गेला, तेव्हा त्याची ओळख पटली ती चिपमुळे. पट्ट्याचं काम कधीच संपलं होतं.

आता बॅटरीवाल्यांकडे या. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टिम कॅनन या हौशी प्रोग्रामरने ‘सर्केडिया’ नावाचं घरी बनवलेलं यंत्र हाताच्या कोपरापुढच्या भागात त्वचेखाली बसवून घेतलं. शरीराचं तापमान मोजून ब्लूटूथने फोनवर पाठवायचं. आकार जवळपास पत्त्यांच्या कॅटएवढा! बसवणारा डॉक्टर नव्हता, शरीरावर कलाकुसर करणारा कारागीर होता. काही महिन्यांतच ते काढावं लागलं. तेवढं तापमान काखेत धरलेला थर्मामीटरही सांगतो, पण ते असो.

खरी मेख सर्किटमध्ये नाहीच, वेष्टनात आहे. आपल्याकडे खाऱ्या हवेने खिडकीचं ग्रिल किती लवकर गंजतं ते बघा. त्वचेखाली तर ३७ अंशांचं मीठपाणी चोवीस तास. इपॉक्सीतून ओल हळूहळू शिरतेच. टायटॅनियमची डबी पक्की, पण धातू रेडिओ लहरी अडवतो, मग अँटेनाचं काय? काचेतून लहरी जातात, पण काच फुटू शकते. आणि लिथियम बॅटरी फुगली तर ती नसा-स्नायूंच्या शेजारी फुगणार.

कुणी म्हणेल, पेसमेकरही आधी जुगाडच होता. खरंय. १९५८ मध्ये स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला, तो इंजिनीअर रुने एल्मक्विस्ट यांनी बुटपॉलिशच्या डबीचा साचा करून इपॉक्सीत ओतला होता. काही तासांत बंद पडला. पण लार्सन मरणाच्या दारात होते आणि शेजारी सर्जन उभा होता. पुढे वीसहून जास्त यंत्रं बदलत ते २००१ पर्यंत जगले. आपली गरज काय, तर हॉस्टेलचं दार उघडायचंय! त्यासाठी ब्लेड आणि यूट्यूब? आणि चिघळलं तर रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला सांगणार काय, आत नक्की काय आहे ते?

म्हणून परीक्षा बरणीत घ्या. लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे सलाइनएवढंच खारं. त्यात तुमचं यंत्र चालू ठेवून सोडा, तापमान ३७ अंश. दर आठवड्याला कोरडं करून वजन करा, रीडिंग घ्या. वजन वाढलं म्हणजे पाणी शिरलं. सहा महिने टिकलं तर बँडमध्ये घालून मनगटावर बांधा आणि कॉलेजच्या प्रदर्शनात मांडा. बरणीतलं पहिलं यंत्र किती दिवसांत बंद पडलं, तो आकडाही शेजारी लिहा. बघणाऱ्याला त्यातच जास्त रस असेल.