वस्तादाच्या घामालाही दाम हवेत



ऊस विकास विभागाने उसाबद्दलच लिहावे अशी रीत आहे. लागणीची तारीख, बेणेबदल, खोडव्यातले पाचट याविषयी आम्ही या पानांवर वेळोवेळी लिहितोच. या खेपेचा विषय जरा निराळा आहे, पण तो आपल्याच बांधावरचा आहे. गटागटांतून फिरताना नोंदीचे आणि पाण्याचे बोलणे झाले की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. एक जण म्हणतो, "साहेब, पोराला तालमीत घातलंय, पण दर महिन्याला फी मागत्यात. हे बरोबर हाय का?" दुसरा म्हणतो, "आमची पोरगी कराटेला जाते, तिथं फी निराळी आणि पट्ट्याच्या परीक्षेचं पैसं निराळं." तिसरा म्हातारा गडी तंबाखू मळत म्हणतो, "तालमीला फी कसली? आमच्या वेळी नारळ फोडला की झालं!"

तिघांच्याही म्हणण्यात थोडेथोडे तथ्य आहे. पण आमचे मत आम्ही आधीच सांगून टाकतो. शिकविण्याचे पैसे घेण्यात गैर काही नाही. हिशोब न मांडता फी ठरविणे हे गैर आहे, आणि हिशोब न पाहता ती जास्त म्हणून ओरडणे हेही तितकेच गैर आहे.

जरा आपल्याच धंद्याकडे पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर ठरविला. तो पुरेसा आहे की अपुरा यावर सभेत दिवसभर वाद होऊ शकेल. पण त्या वादात आपण बोलतो ते काय? नांगरट, बेणे, खत, पाणी, मजुरी धरा आणि मग दर सांगा, असेच ना? आपण घामाचे दाम मागतो. मग तोच शेतकरी तालमीच्या दारात उभा राहिला की वस्तादाला म्हणतो, "शेजारच्या गावात एवढंच घेत्यात, तुम्ही पण तेवढंच घ्या." शेजारच्या गावाचा दर हा काही हिशोब नव्हे. तिथे जागा देवस्थानची असेल, वस्तादाला पेन्शन असेल. दुसऱ्याच्या रानातला खर्च आपल्या उसाला लावून कसे चालेल?

आता नारळाची गोष्ट. नारळावर तालीम चालत होती हे खरे, पण म्हणून ती फुकट चालत नव्हती. पैसे दुसरे कोणीतरी भरत होते. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, तालमींना मदत केली. कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ साली उभे राहिले ते त्यांच्याच दूरदृष्टीतून. पुढे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. १९४९ साली संस्थान विलीन झाले. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा त्याच खाशाबांना पैशासाठी दारोदार फिरावे लागले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून रक्कम उभी केली. खाशाबांनी ब्राँझपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण त्याचा अभिमान सांगतो, तो सांगावाच. पण त्यातला धडाही घ्यावा. राजाश्रय गेला आणि त्याच्या जागी दुसरी सोय आपण लावली नाही, म्हणून एका भल्या माणसाच्या घरावर पाळी आली. आज गावोगावच्या वस्तादांवर तीच पाळी आहे, फक्त त्याची बातमी होत नाही. उतारवयाला लागलेला पैलवान दोन-चार वर्षे पदरमोड करतो, मग कुठे तरी वॉचमनची नोकरी धरतो आणि तालमीला कुलूप लागते. असे कुलूप आम्ही आपल्या कार्यक्षेत्रात पाहिलेले आहे.

म्हणून हिशोब मांडूया. पुढचे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत, प्रत्येक गावाने आपापले घालावेत. समजा वस्तादाचे मानधन महिना १५,००० रुपये, हाताखालच्या जोडीदाराला ५,०००, मुलींच्या वेळेला हजर राहणाऱ्या महिला मदतनीसाला ४,०००, लाईट-पाणी १,५००. आखाड्याची लाल माती, त्यात घालायची हळद, तेल, ताक, लिंबू, शिवाय मॅट असेल तर तिची झीज व दुरुस्ती मिळून २,५००. स्पर्धेचा प्रवास व मलमपट्टी २,०००. बेरीज ३०,०००. पन्नास मुले असतील तर डोईला ६०० रुपये झाले. झाली फी ठरवून? नाही. इथेच बहुतेकांचे गणित चुकते.

आपल्या पिकात नांग्या पडलेल्या असताना सबंध एकरावर टनेजचा अंदाज धरला तर तो काट्यावर खोटा ठरतो. तालमीतही नांग्या असतात. पन्नासांत दहा पोरे तरी अशी असतात की त्यांच्याकडून फी मागवत नाही. कोणाचे वडील गेलेले, कोणाचे सारे रानच दहा-पंधरा गुंठे, कोणी मजुराचा मुलगा. वस्ताद त्यांना नाही म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पण त्यांचे महिना ६,००० रुपये कोणी भरायचे? उरलेल्या चाळिसांवर टाकले तर फी ७५० होते आणि काठावरची चार पोरे आणखी गळतात. वस्तादावर टाकले तर सहा महिन्यांत तालीम बसते. तेव्हा आमचे म्हणणे असे की, या नांग्या गावाने भरायच्या. वर्षाला ७२,००० रुपये हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण जत्रेच्या मैदानात बाहेरून आणलेल्या एका मोठ्या जोडीचे इनाम किती असते ते आठवून पाहा. लाखाच्या घरातले इनाम आपण हलगीच्या तालावर हसत देतो, आणि गावच्या तालमीतला बल्ब उडाला तर आठवडाभर कोणी बदलत नाही. मैदान बंद करा असे आम्ही म्हणत नाही. एक मोठी जोड कमी लावा आणि ते पैसे गावच्याच दहा पोरांच्या नावाने तालमीत भरा, एवढेच म्हणतो.

कराटे आणि तायक्वांदोच्या क्लासबद्दल तक्रार निराळी आहे. तिथे महिन्याची फी कमी सांगतात आणि मागाहून ड्रेस, पट्ट्याची परीक्षा, प्रमाणपत्र, स्पर्धेची प्रवेश फी असे एकेक निघत जाते. सगळेच क्लास असे नसतात, चांगले शिकविणारे आम्हाला माहीत आहेत. पण नाव घालतानाच सांगावे : "वर्षाचा सगळा खर्च एका कागदावर लिहून द्या." जो शिक्षक लिहून देईल त्याची फी दोन पैसे जास्त असली तरी ती स्वस्त समजावी. दर परीक्षेला सगळी पोरे पास आणि सगळ्यांना नवा पट्टा, असे दिसले तर मात्र जरा थांबावे. न पिकलेल्या उसाला तोड दिल्यासारखेच ते. आणि प्रमाणपत्राच्या जोरावर नोकरीतल्या खेळाडू आरक्षणाची आशा कोणी दाखवीत असेल, तर ते प्रमाणपत्र तिथे चालते का हे आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारावे.

तालमीतही एक खुलासा हवा. खुराकाचे पैसे आणि शिकवणीचे पैसे यांच्या पावत्या निरनिराळ्या असाव्यात. दूध, तूप, बदाम यांचा खर्च फीपेक्षा कितीतरी जास्त असतो. दोन्ही एकत्र झाले की वस्तादच सारे खातो अशी कुजबुज होते. निवासी तालमीत तर हे फारच गरजेचे आहे.

मुलींची फी कमी ठेवावी का असे काही जण विचारतात. आमच्या मते फी सारखीच असावी, पण तिच्यात स्वतंत्र वेळ आणि महिला मदतनीस यांची तरतूद आधीच धरलेली असावी. २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. सांगलीच्या मातीत पोरी लढतात आणि आपल्या गावात त्यांना तालमीचा उंबरा बंद, हे बरे दिसत नाही.

आता पैसे कधी द्यायचे? पगारदाराला महिन्याची फी सोपी पडते. आपले तसे नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो आणि पैसा हाती येतो तो बिलाच्या वेळी. तेव्हा वर्षाचे दोन हप्ते करावेत, पहिला उसाचे बिल जमा झाल्यावर आणि दुसरा शाळा सुरू होताना. मात्र ठरलेली तारीख पाळावी. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे मिळावेत असा कायदा आहे आणि एक दिवस चुकला तरी आपण गट ऑफिसला येऊन जाब विचारतो. तो आपला हक्कच आहे. मग वस्तादाला "पुढच्या महिन्यात बघू" म्हणण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? ही फी कारखान्याने बिलातून कापून घ्यावी अशीही एक सूचना येते. ती आम्हाला पसंत नाही. कपातींची यादी आधीच लांब आहे, आणि जो हाताने पैसे देतो तोच हिशोब विचारतो.

वस्तादांनाही दोन शब्द. दर घेतला की उतारा दाखवावा लागतो. पदकाचे आश्वासन देऊ नये, पण हजेरीपुस्तक ठेवावे, पहाटेची वेळ चुकवू नये, जमाखर्चाचा कागद तालमीच्या भिंतीवर लावावा. गुरुपौर्णिमेला नारळ-फेटा घ्यावाच, पण त्याच दिवशी वर्षाचा हिशोबही वाचून दाखवावा. वाचलेल्या हिशोबावर कोणी संशय घेत नाही.

प्रत्येक गावात पाच जणांनी बसावे : एक वस्ताद, दोन पालक, एक जत्रा कमिटीचा आणि एक आई. खर्च लिहावा, पोरे मोजावीत, नांग्या मोजाव्यात आणि फी ठरवावी. एका संध्याकाळचे काम आहे. आपल्या उसाला रास्त भाव मागताना आपला आवाज खणखणीत असतो. दुसऱ्याच्या घामाला रास्त दाम दिले तर तो आणखी खणखणीत होईल.

जय किसान! जय सहकार!

– ऊस विकास अधिकारी