शिकारीवर बसलेला वाघ आणि आपला कॅमेरा

ताडोबात शिकारीवर बसलेल्या वाघापुढे जिप्सींची रांग लागली की एक समर्थन हमखास ऐकू येते : ‘वाघ आता गाड्यांना सरावलेत. मानसुद्धा वर करत नाहीत. मग फोटोनं त्यांचं काय बिघडतं?’ फोटोने काही बिघडत नाही, हे मलाही मान्य आहे. बिघडते ते फोटोसाठी केलेल्या गर्दीने. सरावाचे नाव सांगून ती गर्दी माफ करता येत नाही.

रशियातल्या सिखोते-आलिनमधल्या वाघांवरचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. वाघ शिकारीवर असताना माणसे तिथे पोचली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा त्यांनी शिकार टाकून दिली. मांसही कमी खाल्ले. ते वाघ बुजरे होते, असे कोणी म्हणेल. मग केनियातल्या मसाई माराचे चित्ते घ्या. ते तर गाडीच्या टपावर चढून बसतात. तरीही २०१८ च्या अभ्यासानुसार, पर्यटकांची वर्दळ असलेल्या भागात एका वेतामागे सरासरी ०.२१ पिल्ले जगून स्वतंत्र झाली. तुरळक वर्दळीच्या भागात २.३२. चित्त्याला मुळात घाईने खावे लागते, कारण तरस आणि सिंह भक्ष्य हिसकावायला टपलेले असतात. त्याचे खाणे मोडले तर उपाशी राहतात ती पिल्ले.

आपल्याकडे २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-कऱ्हांडल्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे गाड्यांनी अडवले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. बछड्यांना शिकारीपर्यंत नेणाऱ्या वाघिणीचा रस्ता असा अडला, तर काय होईल?

दुसरा पक्ष सोवळ्यांचा. रक्ताने माखलेले तोंड दाखवूच नका, म्हणतात. हे मला अजिबात पटत नाही. मांस खाणे हे वाघाचे जगणे आहे; ते झाकले तर उरतो तो कॅलेंडरवरचा वाघ. रानकुत्र्यांचेच पाहा. जिवंत हरणाचे लचके तोडणारा क्रूर प्राणी म्हणून इंग्रजी अमलात त्यांना मारायला इनाम होते. पण तोच कळप शिकारीवर पिल्लांना आधी खाऊ देतो. हे दाखवणारे एक छायाचित्र त्या जुन्या बदनामीला पुरेसे उत्तर आहे. असे फोटो निघालेच पाहिजेत.

ते लांबून निघतात. १९२० च्या दशकात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाटेवर तार लावून कॅमेरा ठेवला. तारेला वाघाचा पाय लागला की फोटो निघे, माणूस तिथे नसेच. आज हातात लांब पल्ल्याची लेन्स आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ मध्ये किमान २० मीटर अंतर ठरवून दिले; शिकारीवरच्या प्राण्यासाठी मी ते कमीच मानतो.

जवळ जाण्याची घाई चालकाची नसते. ती मागे बसलेल्याच्या खिशातून येते. म्हणून पुढच्या सफारीत इंजिन बंद करायला तुम्हीच सांगा, आणि गाडी वेळेत मागे घेणाऱ्या गाईडला बक्षिसी द्या.