झालं का हो?

ज्वाळांवर पीएच.डी. केलेल्या माणसाला स्वतःच्या घरचा गॅस मीटर बदलताना काय काय करतात हे माहीत नसावं, ही तशी लाजेची गोष्ट. पण कबूल करतो, मला माहीत नव्हतं. शेफील्डच्या आमच्या घरी जुना मीटर काढून नवा स्मार्ट मीटर बसवायला माणूस आला, तेव्हा माझा हिशोब साधा होता. दोन नट सोडायचे, दोन नट आवळायचे, पंधरा मिनिटं. त्याला तास लागला, आणि त्यातला बराच वेळ तो नुसता उभा होता! माझी मीटिंग होती, मी दोनदा जाऊन विचारलं, "झालं का हो?" तो न वळता म्हणाला, "नाही."

आल्या आल्या त्याने आधी ओळखपत्र दाखवलं होतं. ब्रिटनमध्ये गॅसचं काम करणाऱ्याला गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव नोंदवावं लागतं (2009 पर्यंत ही नोंद कॉर्गीकडे असायची). कार्डाच्या मागे तो नेमक्या कोणत्या कामासाठी पात्र आहे ते लिहिलेलं असतं. बॉयलर दुरुस्त करणारा मीटरला हात लावू शकेलच असं नाही.

मग जुना मीटर सोडवण्याआधी त्याने मीटरच्या दोन्ही बाजूंच्या पाइपांना चिमटे लावून एक जाड वायर जोडली. गाडीची बॅटरी उतरल्यावर आपण जोडतो ना, तशी. मला आधी कळेना की गॅसच्या कामात विजेची वायर कशाला. कारण असं की धातूच्या पाइपातून घरातला भरकटलेला वीजप्रवाह वाहत असू शकतो. मीटर मध्ये असेपर्यंत तो गुपचूप जातो. मीटर काढला की त्याची वाट तुटते आणि तुटताना ठिणगी पडू शकते, तीही नेमकी गॅसच्या उघड्या तोंडाशी. गीझरचं अर्थिंग नळाच्या पाइपला गुंडाळणारे महाभाग आपल्याकडे मी पाहिले आहेत, तेव्हा हे वाचून हसू नका.

आता त्या उभं राहण्याबद्दल. घरातल्या पाइपात गॅसचा दाब असतो साधारण 20 मिलिबार, म्हणजे वीतभर खोल पाण्याच्या तळाशी असतो तेवढाच. इतक्या किरकोळ दाबाची गळती डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. म्हणून पाइपाला दाबमापक जोडायचा, दाब 20 पर्यंत न्यायचा, मुख्य कॉक बंद करायचा, एक मिनिट तो स्थिर होऊ द्यायचा आणि पुढची दोन मिनिटं आकड्याकडे बघत राहायचं. उतरला तर कुठेतरी गळतंय.

पण मला खरी आवडली ती त्याआधीची एक पायरी. दाब आधी फक्त 7 ते 10 मिलिबार ठेवायचा, कॉक बंद करायचा आणि एक मिनिट बघायचं की तो *वाढत* तर नाही ना. वाढला तर कॉकच नीट बंद होत नाहीये. आणि कॉकमधून गॅस झिरपत असेल तर नंतरच्या चाचणीत पाइप गळत असला तरी दाब उतरणार नाही, कारण जेवढा बाहेर जाईल तेवढा मागून भरला जाईल. दोन दोष एकमेकांना झाकतील आणि आकडा ढिम्म राहील. प्रयोगशाळेत अशा चुका शोधण्यात माझी तीन वर्षं गेली, आणि इथे हा माणूस जिन्याखाली गुडघ्यावर बसून तेच एका मिनिटात करत होता.

नवा मीटर आतून हवेने भरलेला असतो. त्यात गॅस सोडला की हवेत 5 ते 15 टक्के मिथेन असण्याचा, म्हणजे पेट घेण्याजोगा टप्पा मध्ये येतोच, टाळता येत नाही. म्हणून खिडक्या उघडायच्या आणि मीटरमधून सुमारे दहा लिटर गॅस पुढे जाईपर्यंत मिश्रण हळूहळू बाहेर काढायचं. तोवर विजेच्या बटणालाही हात नाही. इथेही पुन्हा वाट बघणंच.

16 मे 1968 च्या पहाटे लंडनच्या रोनन पॉइंट या 22 मजली इमारतीत अठराव्या मजल्यावरच्या बाईंनी चहासाठी काडी ओढली आणि इमारतीचा एक अख्खा कोपरा कोसळला. चार माणसं गेली. स्थापत्यवाले मित्र ही गोष्ट भिंतींच्या जोडांची म्हणून शिकतात, आणि ते बरोबरच आहे. पण गॅस मुळात गळला होता शेगडीच्या नळीला जोडणाऱ्या एका निकृष्ट पितळी नटापाशी.

हे सगळं डोक्यात घेऊन मी गेल्या दिवाळीत पुण्याला गेलो. आईबाबांच्या सोसायटीत तेव्हा पाइपचा गॅस येत होता. एका ठेकेदाराचा तरुण फिटर आला, विशीतला. हात अगदी सफाईदार, वीस मिनिटांत मीटर, पाइप, शेगडीचे जेट बदलणं, सगळं उरकलं. मग त्याने खिशातून काड्यापेटी काढली आणि पेटती काडी जोडाभोवती फिरवली. "बघा काका, काही नाही."

ब्रिटनच्या 1998 च्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, की गळती शोधताना ज्योत वापरायची नाही. मी जरा चढ्याच आवाजात बोललो. बाबांना आवडलं नाही. "तुझं लंडन तिकडे ठेव. सकाळपासून चहा नाही झालेला." (शेफील्ड, बाबा.) फिटर मात्र चिडला नाही. म्हणाला, "दादा, गेज आहे ना, गाडीच्या डिकीत आहे." म्हणजे यंत्र दिलेलं होतं, शिकवलेलंही होतं. फक्त त्याला पैसे मीटरमागे मिळत होते, आणि गेजकडे बघत काढलेल्या मिनिटांचे कुणीच देत नव्हतं.

माझा राग तिथेच संपला, म्हणजे फिटरवरचा. मीटरमागे पैसे देणं हीच मला यातली सर्वात धोकादायक गोष्ट वाटते. ब्रिटनमध्येही सगळं आलबेल आहे असं समजू नका. स्मार्ट मीटर बसवण्याची वार्षिक उद्दिष्टं 2022 पासून कंपन्यांना ठरवून दिली गेली, आणि उद्दिष्ट आलं की घड्याळ आलंच. आणि उरलेली घाई आपण करतो, दारात उभे राहून, "झालं का हो?" विचारत. मीही त्यातलाच.

तो गेज घेऊन आला. दाब चढवला, कॉक बंद केला. बाबा, मी आणि तो, तिघेही ओट्यापाशी उभे. आकडा हळूहळू उतरायला लागला.

गळती त्याच्या जोडात नव्हतीच. ती होती आमच्या पंधरा वर्षं जुन्या शेगडीच्या डाव्या कॉकमध्ये. काडी वर्षभर जोडाभोवती फिरवली असती तरी सापडली नसती. शेगडी वेगळी केली, पुन्हा चाचणी घेतली, आकडा जागचा हलला नाही. मग त्याने स्वतःच वर बोट दाखवलं. सुताराने मीटरभोवती कपाट करायचं ठरवलं होतं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. पाइपचा हलका, तो वर चढतो आणि बंद कपाटात अडकून बसतो. आईचं ते देखणं कपाट रद्द झालं, त्याबद्दल मी अजून बोलणी खातो.

चहा शेवटी इंडक्शनवर झाला, पाऊण तास उशिरा. फिटरने तो उभ्याउभ्याच बशीत ओतून प्यायला. खालच्या मजल्यांवर त्याचे अजून चार मीटर बाकी होते.