मुलींच्या हाती कानस

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रवेशाच्या टेबलापाशी दरवर्षी पावसाळ्यात एक संभाषण घडते, आणि ते इतक्या सौजन्याने घडते की त्यातील अन्याय कोणाच्या ध्यानातही येत नाही. दहावी उत्तीर्ण झालेली मुलगी वडिलांसमवेत येते, जोडारी किंवा संधाता या व्यवसायाचे नाव घेते, आणि पलीकडून आपुलकीचा सल्ला मिळतो, ‘बाळ, शिवणकाम घे, त्या ठिणग्यांत तुझा निभाव कसा लागणार?’ वडील मान डोलावतात, अर्जातील नोंद बदलते आणि दफ्तरी एवढेच उरते की मुलींचा कल शिवणाकडे असतो.

या ‘कल’ शब्दाने फार मोठे नुकसान केले आहे. जिने शाळेच्या आठ-दहा वर्षांत एकदाही कानस हाती धरली नाही, तिचा कल कोणी आणि केव्हा पारखला? शिवणयंत्र हेही चाकापट्ट्याचे यंत्रच आहे. दोऱ्याचा ताण आवळून वा सैल करून बिघडलेला टाका ताळ्यावर आणणारी स्त्री यंत्राचेच काम करीत असते. तरीही तेच यंत्र अडले की दुरुस्तीसाठी पुरुषास पाचारण केले जाते, आणि यात कोणाला काही विपरीत वाटत नाही.

कायद्यानेही या समजुतीस दीर्घकाळ आधार दिला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने चालत्या यंत्राच्या काही भागांची सफाई व तेलपाणी स्त्रियांना वर्ज्य केले आणि सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेबाहेर त्यांच्या कामावर बंधन घातले. हेतू संरक्षणाचा खरा, परंतु नोकरी नाकारणाऱ्या मालकाला त्यातून आयती सबब मिळाली. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यवसायशिक्षणातील हा भेद मोडण्याचे अभिवचन दिले, महाराष्ट्रात मुलींसाठी ३० टक्के जागाही राखीव झाल्या. पण जी त्या जागेपाशी पोहोचण्यापूर्वीच माघारी वळवली जाते, तिला त्या आरक्षणाचा उपयोग काय?

उपाय अज्ञात नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला, आणि तेथून ग्रामीण शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुली लोखंड जोडतात, विजेच्या तारा बसवतात आणि मुलगेही खाद्यपदार्थ तयार करायला शिकतात. तेथे निवडीचा प्रश्न हात कामाला लागल्यानंतर येतो, त्याआधी नव्हे. माझ्या मते सारे मर्म या क्रमात आहे.

म्हणून मुख्याध्यापकांना विनंती आहे, की आठवीपासून आठवड्याचा एक दिवस प्रत्येक मुलीला व मुलाला कार्यशाळेत उभे करावे, आणि कार्यशाळेलगत मुलींसाठी स्वच्छतागृह बांधावे. पालकांना एवढेच सांगणे, की पुढील वर्षी त्या टेबलापाशी मुलगी ज्या व्यवसायाचे नाव घेईल, तेच अर्जावर राहू द्यावे.