वृंदावन नको, तुळस हवी

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि पुढे आपल्या घरांतले देव्हारे गेले. दारातलं वृंदावन गेलं, तुळशीचं लग्न गेलं. चांगलंच झालं. पण त्यासोबत झाडही गेलं, आणि अजून वस्तीत कोणी दारात तुळस लावली की कुजबुज होते: हे घर परत तिकडं वळलं की काय?

सोडायची होती ती पूजा. बावीस प्रतिज्ञांत देवांना, श्राद्ध-पिंडदानाला नकार आहे, झाडाला नाही. पिंपळाला तर तिकडंही पुजतात, म्हणून आपण बोधिवृक्ष सोडला का? आणि प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहेच. त्या प्राणिमात्रांत मधमाशीही येते.

आरोग्याच्या पानावर मी तुळशीचं बोलतो ते काढ्यासाठी नव्हे, या माशीसाठी. कळमनुरीच्या वस्तीत पत्र्यावर, कुडावर कारलं, काकडी, लाल भोपळा चढवतात. महागाईत तीच घरची भाजी. या वेलांना नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलामागं बारकं फळ आधीच दिसतं, पण नर फुलातले पराग माशीनं तिथं आणले नाहीत तर ते पिवळं पडून गळतं. आपण म्हणतो, दृष्ट लागली, नाहीतर खत कमी पडलं. पुष्कळदा माशीच आलेली नसते. येणार कुठून? चहूकडं सोयाबीन, कापूस, हळद, त्यावर फवारे, आणि बांधावरची झुडपं तणनाशकानं जळालेली. तूर फुलली की थोडे दिवस तिची चंगळ, मग उपासमार.

तुळस महिनोन्‌महिने फुलत राहते. मंजिरीतलं फूल बारीक असतं, पण त्यात मकरंद असतो. फुलोरी नावाची आपली लहान माशी, जी झुडपात एकच छोटं पोळं बांधते, ती अशा फुलांवर येते. झाड इथलंच आहे, पाणी मिळालं तर दोन-तीन वर्षं टिकतं.

पैसा लागत नाही. शेजारणीकडून वाळलेली मंजिरी मागून आणा. तेलाच्या डब्याला खाली भोकं पाडा, माती-शेणखत भरा. मृगाचा पाऊस झाला की बी चुरून वर भुरभुरा, अगदी पातळ माती टाका. आठ-पंधरा दिवसांत उगवतं. मे महिन्यात दुपारची सावली द्या. मंजिरी खुडली की पानं जास्त येतात हे खरं, पण मग माशीनं काय खायचं? एक झाड पानांसाठी खुडा, बाकीची फुलू द्या, आणि डबे वेलाजवळ ठेवा.

तुळस रात्री ऑक्सिजन सोडते, हे मोबाईलवर फिरतं ते खोटं आहे. इतर झाडांसारखी तीही रात्री ऑक्सिजन घेतेच. डेंग्यूचा डास तिला घाबरत नाही. उलट कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं तर तिथंच अंडी घालतो. ताटली ठेवूच नका, ठेवली तर दर आठवड्याला घासून कोरडी करा. पानं घातलेला चहा घशाला बरा वाटतो, खुशाल प्या. फवारलेल्या शेताच्या बांधावरची पानं मात्र नकोत. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर काढ्यात दिवस घालवू नका. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. क्षयाची तपासणी आणि औषधं तिथं मोफत आहेत.

विहाराच्या आवारात आपण क्रोटन, पाम अशी शोभेची झाडं लावतो, त्यांचा माशीला फारसा उपयोग नाही. येत्या पावसाळ्यात तिथं पाच-सहा तुळशी लावाव्यात, पाणी घालायचं काम शाळेतल्या मुलांना द्यावं. फक्त भोवती चौथरा बांधू नये. चौथरा झाला की चार दिवसांत त्यावर दिवा येतो.