स्टुडिओत जिंकलेली कराची

महाभारतातील संजयाला व्यासांनी दिव्यदृष्टी दिली होती. म्हणून राजवाड्यात बसूनही त्याला कुरुक्षेत्र दिसत असे. आपल्या वृत्तवाहिन्यांच्या निवेदकांना अशी दृष्टी कोणी बहाल केली, हे कळावयास मार्ग नाही. परंतु ८ मे २०२५ च्या रात्री वातानुकूलित स्टुडिओत बसून त्यांना जे दिसले, ते संजयालाही दिसले नसते. तो बिचारा घडलेलेच सांगत असे!

त्या एका रात्रीत कराचीचे बंदर भस्मसात झाले, इस्लामाबाद हाती आले, पाकिस्तानचा लष्करप्रमुख गजाआड गेला. रावळपिंडीत आचारसंहिता लागू होणेच काय ते बाकी राहिले होते. सकाळी पाहावे तो कराची जागच्या जागी! पुढे ११ मे रोजी व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद यांनी सांगितले की, कराचीसह निवडक लक्ष्यांवर प्रहार करण्यास नौदल सज्ज होते. नौदल सज्जच होते. वाहिन्यांनी मात्र तीन दिवस आधीच बंदर जाळून टाकले होते.

हसून सोडून द्यावे असे हे प्रकरण नाही. पहलगाममध्ये २२ एप्रिल रोजी २६ निरपराधांची हत्या झाली. ७ मे रोजी सैन्याने बहावलपूर आणि मुरीदकेसह दहशतवाद्यांचे नऊ तळ उद्ध्वस्त केले. सेनाधिकाऱ्यांनी मोजक्या शब्दांत, छायाचित्रांसह पुरावे मांडले. ज्यांचा पराक्रम खरा, त्यांची भाषा संयत. ज्यांनी बंदूक कधी हाती धरली नाही, त्यांच्या आरोळ्या गगनभेदी! या आरोळ्यांनी शत्रूच्या प्रचारकांना आयते कोलीत मिळाले. भारताचे खरे पुरावेही याच माळेतले मणी, असे म्हणण्याची त्यांची सोय झाली.

याहून संतापजनक प्रकार पूंछचा. पाकिस्तानी तोफगोळ्यांनी तेथील एका शिक्षकाचा बळी घेतला. काही वाहिन्यांनी या भारतीय नागरिकालाच दहशतवादी ठरविले. पूंछ पोलिसांना ते वृत्त खोटे असल्याचे जाहीर करावे लागले. शत्रूने प्राण घेतले आणि आपल्यांनी अब्रू घेतली.

बातमीला रंगत यावी म्हणून हवाई हल्ल्याचे भोंगे अहोरात्र वाजविण्यात आले. अखेर १० मे रोजी नागरी संरक्षण महासंचालनालयाला ते थांबविण्याची सूचना द्यावी लागली. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट शाळकरी पोरांना ठाऊक असते. संपादकांना ती नव्याने शिकवावी लागते.

वाहिन्यांना पूर्वी ठेच लागली नव्हती, असेही नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यात कमांडोंच्या हालचाली थेट दाखविल्या गेल्या आणि पाकिस्तानातील सूत्रधार त्या पाहत होते. २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कठोर ताशेरे ओढले. पुढे दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास नियमानेच मनाई झाली. २६ एप्रिल २०२५ रोजी सरकारने तिचे स्मरणही करून दिले. तरी पालथ्या घड्यावर पाणी!

राष्ट्रभक्तीचा टिळा लावला म्हणून असत्य पवित्र होत नाही. ‘सत्यमेव जयते’ हे या राष्ट्राचे ब्रीद आहे. त्यात प्रेक्षकसंख्येनुसार सवलत नाही. सीमेवरचा जवान आपले काम चोख करतो. घरोघरी बसलेल्या देशभक्तांनी एवढेच करावे: कराची पुन्हा स्टुडिओत पडू लागली की दूरचित्रवाणी संच बंद करावा आणि सैन्याच्या अधिकृत निवेदनाची वाट पाहावी.