फवारणी यंत्राबरोबर रॅम्पही हवा

जयपूर जिल्ह्यातील चाकसू हे जयपूर–कोटा महामार्गावरील गाव, जयपूरपासून सुमारे 40 किलोमीटरवर. या हलक्या जमिनीच्या पट्ट्यात भुईमूग घेणाऱ्या शेतकऱ्याला हुमणीचा परिचय करून द्यावा लागत नाही. याच रस्त्यावर, जयपूर शहरातील दुर्गापुरा येथे हुमणीवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. त्या संशोधनाचा आणि आपल्याकडील ऊसपट्ट्यातील अनुभवाचा निष्कर्ष एकच आहे: पहिल्या दमदार पावसानंतर भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडून कडुनिंब, बोर, बाभूळ अशा झाडांवर जमतात, तेव्हाच त्यांचा बंदोबस्त करावा. ही संधी मोजक्याच रात्रींची असते. भुंगेरे गावाची शीव मानत नाहीत. म्हणून मोहीम अनेक गावांत एकाच वेळी चालवावी लागते.

यातून एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. अवजार बँकेकडे छोटा ट्रॅक्टर आणि त्यावरील फवारणी यंत्र बहुधा एकच असते. ते रात्रीच्या वेळी महामार्गावरून संथपणे चालवत नेणे धोक्याचे. ट्रेलरवर चढवून नेणे शहाणपणाचे. मात्र ट्रेलर आला की रॅम्प आलाच, आणि नेमका तोच विचारात घेतला जात नाही. पावसात भिजलेल्या दोन लाकडी फळ्या, हातात विजेरी आणि मागून ढकलणारी चार माणसे, ही व्यवस्था यंत्रासाठी नव्हे, माणसांसाठी घातक आहे.

पहिला मुद्दा लांबीचा. ट्रेलरचा तळ जमिनीपासून 90 सेंटिमीटर उंच असेल आणि फळी 1.8 मीटर लांब असेल, तर चढ 30 अंशांचा होतो. एवढ्या चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जाऊन तो मागे उलटण्याची भीती असते. रॅम्पची लांबी तळाच्या उंचीच्या किमान चौपट असावी. म्हणजे चढ 15 अंशांच्या आत राहतो. 90 सेंटिमीटर उंचीला 3.6 मीटर, 60 सेंटिमीटरला 2.4 मीटर. यामुळे माथ्यावर यंत्राचा खालचा भाग ट्रेलरच्या कडेला अडकण्याचा संभवही कमी होतो.

दुसरा मुद्दा भारक्षमतेचा. रॅम्पवर लिहिलेली क्षमता एकाची की जोडीची, हे विकत घेताना विचारावेच. समजा, ट्रॅक्टर आणि रिकामे यंत्र मिळून वजन 900 किलो आहे. चढावर बहुतेक भार मागच्या चाकांवर येतो. तो सगळाच तेथे आला असे धरले, तर प्रत्येक रॅम्पवर 450 किलो पडतील. धक्क्यांसाठी दीडपट धरून एका रॅम्पची क्षमता 700 किलोच्या आसपास हवी. टाकी रिकामी करूनच यंत्र चढवावे. 400 लिटर पाणी म्हणजे 400 किलो, आणि तेही हिंदकळणारे.

तिसरा मुद्दा पकडीचा. पृष्ठभाग जाळीदार किंवा आडव्या पट्ट्यांचा असावा, कारण हुमणीची मोहीम मुळातच पावसानंतर, चिखलात चालते. वरचे टोक खिळीने किंवा साखळीने ट्रेलरला बांधलेले हवे. नुसते टेकवलेले रॅम्प चाकाच्या रेट्याने मागे सरकतात. ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला जोडलेला, त्याच्या चाकांना ठोकळे लावलेले आणि मागच्या कडेला खालून टेकू दिलेला असावा. ट्रॅक्टरची जड बाजू नेहमी चढाच्या दिशेला ठेवावी, म्हणजेच तो मागे घेत चढवावा. मागचे यंत्र टेकत असेल तर ते सोडून वेगळे चढवावे. रॅम्पच्या मागे किंवा बाजूला कोणीही उभे राहू नये.

लोखंडी रॅम्प स्वस्त, पण जड. ॲल्युमिनियमचे हलके, पण महाग. दोन माणसांना अंधारात दिवसातून अनेकदा उचलता येतील असेच घ्यावेत. जड म्हणून घरी राहिलेला रॅम्प नसल्यासारखाच.

मातीचा धक्का फुकटात होतो, मग खर्च कशाला, असे काही शेतकरी विचारतात. आपल्या गावी पक्का धक्का उत्तमच. परंतु यंत्र उतरते दुसऱ्या गावी, अनोळखी बांधावर, आणि तेथे धक्का नसतो.

म्हणून माझे आग्रहाचे मत असे की, अवजार बँकेच्या खरेदीत फवारणी यंत्राबरोबर रॅम्पची जोडी घेतलीच पाहिजे. विस्तार कार्यकर्त्यांनी मे महिन्यातील हुमणी प्रशिक्षणात औषधाच्या मात्रेबरोबर यंत्र चढवण्या-उतरवण्याचे प्रात्यक्षिकही दिवसाउजेडी घ्यावे. कीड नियंत्रणाची शिफारस कागदावर कितीही अचूक असली, तरी ती शेतापर्यंत पोहोचवणारी माणसे सुखरूप घरी परतली, तरच ती शिफारस यशस्वी म्हणावी.